आईला ‘टाकतेय’ म्हणू नका, आणि जागा बघायला संध्याकाळी पाच वाजता जा

चिंचवडहून एका ताईंचं पत्र आलंय. बरंच मोठं आहे, म्हणून थोडक्यात सांगते. आई ७८ वर्षांच्या, सांगलीकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत सगळी नोकरी केलेल्या शिक्षिका, चार वर्षांपूर्वी डिमेन्शियाचं, म्हणजे स्मृतिभ्रंशाचं, निदान झालं. ताई स्वतः ५२ च्या, बँकेत नोकरी, मिस्टरांची मागच्या वर्षी बायपास झालीय, मुलगी बारावीला. नर्सिंग ब्यूरोकडून येणाऱ्या मदतनीस मावशी दीड-दोन महिन्यांच्या वर टिकत नाहीत. गेल्या महिनाभरात आईंचं एकदम बिघडलंय, रात्रभर जाग्या, कपाटं उपसतात, आणि एकदा पहाटे साडेचारला दार उघडून गेल्या त्या चौकातल्या रिक्षा स्टँडवर सापडल्या, पायात चप्पल नाही आणि काखेत पर्स. भाऊ न्यू जर्सीला आहे, तो म्हणतो आईला कुठे टाकू नकोस, मी पैसे पाठवतो, अजून एक बाई ठेव. सख्खी मावशी म्हणते लोक काय म्हणतील. ताईंनी दोन जागा बघितल्यात. एक मोठी, लॉबीत कारंजं, महिना ६० हजार. दुसरी साध्या बंगल्यात, १८ माणसं, महिना ४२ हजार. त्यांचे प्रश्न असे, की मी आईला टाकतेय का, यातली कुठली जागा चांगली ते कसं ओळखू, आणि आईला नेमकं सांगू काय.

ताई, पहिल्यांदा एक गोष्ट, कारण ती बाकी सगळ्याच्या आधी व्हायला हवी. तुम्ही लिहिलंय की ‘गेल्या महिनाभरात एकदम’. डिमेन्शिया हळूहळू उतरणीला लागतो, त्यात एकदम असं काही झालं की बहुतेक वेळा दुसरंच काहीतरी वर येऊन बसलेलं असतं. म्हाताऱ्या बायकांमध्ये लघवीचं इन्फेक्शन हे त्याचं अगदी नेहमीचं कारण, आणि या वयात बऱ्याचदा ताप येत नाही, जळजळ होतेय हे त्यांना सांगता येत नाही, दिसतं काय तर रात्री जागणं, भास होणं, चिडणं. बद्धकोष्ठता असू शकते, सोडियम कमी झालेलं असू शकतं, कुठे पडल्या असतील आणि दुखत असेल, नवीन गोळी सुरू झाली असेल. बी-१२ आणि थायरॉइड शेवटचं कधी बघितलंय तेही बघा. कानाचं यंत्र असेल तर सेल संपलाय का बघा, खरंच सांगते, ऐकू येत नसलं की माणूस दुप्पट गोंधळतो. हे सगळं आधी तपासून घ्या, कारण त्यातलं काही सापडलं तर रात्री पुन्हा पहिल्यासारख्या होऊ शकतील, आणि मग जागेचा निर्णय तुम्ही घाईत, झोप न झालेल्या डोक्याने घेणार नाही.

आता ‘टाकणं’. हा शब्द आपल्याकडे इतका सहज वापरतात ना, वृद्धाश्रमात टाकलं, पाळणाघरात टाकलं, जणू माणूस म्हणजे गाठोडं. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, त्याच्या २४ व्या कलमात आईवडलांना कायमचं सोडून देण्याच्या हेतूने कुठे नेऊन ठेवणं हा गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे टाकणं ही खरोखर एक गोष्ट आहे आणि कायद्याला ती माहितीय, हेतू सोडून देण्याचा असावा लागतो. तुम्ही तीन महिने शनिवार-रविवार जागा बघत फिरताय, नर्स रात्री किती असतात ते वहीत लिहून आणताय, ही वही ज्या मुलीकडे आहे ती आईला टाकत नाहीये. ‘लोक काय म्हणतील’ म्हणणाऱ्या तुमच्या सख्ख्या मावशींना एवढंच सांगा, की हे वय नाही, हा मेंदूचा आजार आहे. २०२३ ला आपल्या देशातल्या मोठ्या पाहणीचे आकडे आले त्यात ६० च्या पुढच्या दर १०० माणसांत साधारण ७ जणांना डिमेन्शिया निघाला, देशभरात ८८ लाखांच्या आसपास माणसं. त्या ८८ लाखांच्या घरात कोणीतरी रात्री जागं आहे, आणि त्यातल्या बऱ्याच घरात ती एकटी बाईच आहे.

शिवाय हिशोब बघा. चांगल्या ठिकाणी दिवसाच्या तीन पाळ्या असतात, सकाळची बाई दुपारी घरी जाऊन झोपते आणि दुसऱ्या दिवशी ताजी येते. तुमच्या घरात तिन्ही पाळ्या तुम्हीच करताय आणि मधल्या पाळीला बँकेत जाताय. हे चार वर्षं चाललं ही कमालच आहे. अजून एक बाई ठेवून यात फरक पडेल असं भावाला वाटतं कारण त्यांनी ती बाई रजेवर गेलेली सकाळ बघितलेली नाही.

मी हे बाहेरून लिहीत नाहीये. माझे वडील, आम्ही अण्णा म्हणायचो, एसटीत कंडक्टर होते, स्वारगेट डेपो. अल्झायमर होता. डिमेन्शिया हे लक्षणांचं नाव आणि अल्झायमर हे त्याचं सगळ्यात जास्त आढळणारं कारण, हे मला तेव्हा कळलं, तोवर मी दोन्ही एकच समजत होते. आम्ही त्यांना पहिल्यांदा जिथे ठेवलं ती जागा दिसायला फार छान होती. आम्ही बघायला गेलो रविवारी सकाळी अकराला, ठेवल्यावर भेटायला जायचो तेही रविवारी अकराला, आणि त्या वेळेला सगळे आंघोळ केलेले, केस विंचरलेले, गंध लावलेला, हॉलमध्ये भजन. दोन महिन्यांनी एका बुधवारी ऑफिसचं काम त्या बाजूला होतं म्हणून मी संध्याकाळी साडेपाचला न सांगता गेले. टीव्हीसमोर १४ माणसं बसवलेली, त्यांच्याकडे बघायला एकच मुलगा आणि तोही मोबाइलवर, आणि अण्णांचं उजवं मनगट खुर्चीच्या हाताला ओढणीने बांधलेलं. गुलाबी ओढणी होती, गाठ घट्ट होती, मला नखाने सुटेना. त्या मुलाचं म्हणणं, ‘ते सारखे उठतात ना म्हणून.’ त्यांनी ताशी दहा वेळा उठू नये म्हणून बांधलं होतं आणि माणूस उठत होता कारण त्याला लघवीला जायचं होतं, पँट ओली होती.

म्हणून ताई, जागा बघायला संध्याकाळी चार ते सात या वेळात जा. कारंजं असलेली बघा, बंगला बघा, पण या वेळात बघा. ऊन उतरायला लागलं की या आजारात माणसं अस्वस्थ होतात, कुणाला घरी जायचं असतं, कुणाला मुलाला शाळेतून आणायचं असतं, कुणी दाराशी जाऊन कडी हलवतं, आणि नेमकी तीच वेळ पाळी बदलायची असते, चहा व्हायचा असतो, स्वयंपाकघरात घाई असते. सकाळी सगळ्याच जागा चांगल्या दिसतात. पाच वाजता जी जागा शांत आहे ती का शांत आहे ते बघा, माणसं गुंगीत आहेत म्हणून शांत की त्यांच्या हाताला काहीतरी काम आहे म्हणून.

दुसरी जागा, जिथे आम्ही अण्णांना हलवलं आणि ते शेवटपर्यंत राहिले, तिथलं एक सांगते. पाच वाजले की अण्णा उठून शर्टाची वरची गुंडी लावायचे आणि म्हणायचे, ‘निघतो, गाडी सुटेल.’ पहिल्या जागी त्यांना सांगायचे, अण्णा तुम्ही रिटायर झालात, बसा. इथे संध्याकाळच्या पाळीला एक मावशी होत्या, त्या विचारायच्या, ‘कुठली गाडी अण्णा?’ ‘पावणेसहाची वाई.’ ‘मग वेळ आहे की अजून, चहा घेऊन निघा.’ अण्णा बसायचे, बशीत ओतून चहा प्यायचे. मग त्या मावशींनी जुन्या कॅलेंडरची पानं तिकिटाएवढी कापून, दोऱ्याने ओवून गठ्ठे केलेले असायचे, त्यातला एक हातात द्यायच्या. आणि अण्णा हॉलमधल्या प्रत्येकासमोर उभे राहून तिकीट फाडायचे, पुढे सरका, सुट्टे द्या, कात्रज, खेड शिवापूर, कापूरहोळ, शिरवळ, खंडाळा, सुरूर, वाई. माझं नाव ते विसरले होते तेव्हा, थांबे एकही चुकत नव्हते. कोपऱ्यातल्या एक आजी तिकीट घेऊन रोज पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवायच्या. साडेसहाला वाई आली की देवाजवळ दिवा लागायचा आणि सगळे जेवायला बसायचे. त्या मावशी नववी पास होत्या. कुठल्या कोर्समध्ये त्यांना हे शिकवलेलं नव्हतं, पण त्या जागेच्या मालकीणबाईंनी कागद कापायला वेळ दिला होता, एका मावशीच्या गळ्यात पाच-सहा माणसांपेक्षा जास्त दिली नव्हती, म्हणून ते होऊ शकलं.

तर पाच वाजता जाऊन बसा, अर्धा तास नाही, दोन तास. कुणी बसू देत नसेल तर ती जागा तिथेच सोडा. मॅनेजरशी बोलायच्या आधी मावशींशी बोला, किती दिवस झाले इथे विचारा, सगळ्याच दोन-तीन महिन्यांच्या असतील तर तुमच्या घरातला प्रॉब्लेम तिथेही आहे. एखाद्या आजोबांकडे बोट दाखवून विचारा की हे आधी काय करायचे, मावशीला माहीत असेल तर फार चांगलं लक्षण. रात्री कितीजण जागे असतात विचारा, ‘असतात’ नाही, ‘जागे असतात’. भाषेचं नक्की बघा, कारण आता कितीतरी ठिकाणी मदतनीस मुलं-मुली झारखंड, ओडिशा, ईशान्येकडची असतात, जीव लावणारी असतात यात शंका नाही, पण या आजारात नंतर शिकलेली भाषा बऱ्याचदा आधी जाते, आणि सांगलीच्या बाईंना हिंदीत ‘बैठ जाओ’ म्हटलेलं कळलं नाही तर त्या ऐकत नाहीत असं रजिस्टरमध्ये लिहिलं जाईल. प्रत्येक पाळीत निदान एक माणूस मराठी बोलणारं हवं.

आणि एक प्रश्न मुद्दाम विचारा, आई आंघोळीला नाही म्हणाली तर तुम्ही काय करता? ‘करतो हो आम्ही, दोघी धरतात’ असं उत्तर आलं तर काय समजायचं ते तुम्हाला सांगायला नको. मला त्या दुसऱ्या जागी उत्तर मिळालं होतं की मग नाही घालत, चहानंतर परत विचारतो, नाहीच जमलं तर कोमट पाण्याने अंग पुसून घेतो, एक दिवस आंघोळ नाही झाली तर काय बिघडतं. तिथेच माझा निम्मा निर्णय झाला होता.

बाथरूम बघा, हॉल नका बघू. कमोडशेजारी पकडायला दांडा आहे का, फरशी कोरडी आहे का, दार आतून अडकत नाही ना. वास येतोय का, आणि फिनाइलचाच उग्र वास येत असेल तर तोही बघा. जी माणसं अंथरुणाला खिळलीत त्यांच्या खोलीत डोकवा, दर दोन तासांनी कूस बदलतात त्याचा तक्ता भिंतीला किंवा पायथ्याशी लागलेला असतो, तो बघा, आणि तक्त्यावर पूर्ण दिवसाच्या सह्या दुपारीच झालेल्या नाहीत ना तेही बघा. जेवणाच्या वेळी बघा, की भरवताना माणसाला नीट ताठ बसवतात का, की उशीला टेकून पडल्या पडल्या घास कोंबतात. पुढे पुढे गिळायला त्रास व्हायला लागतो, घास श्वासनलिकेत जातो आणि न्यूमोनिया होतो, हा या आजारात जीव जायचा एक मोठा रस्ता आहे, आणि तो रोखणारी मावशी म्हणजे जी एका घासाला थांबते.

गुंगीच्या गोळ्यांचं. मनोविकाराच्या काही गोळ्या असतात, शांत ठेवण्यासाठी देतात, त्यांनी डिमेन्शियाच्या वयस्कर पेशंटमध्ये मृत्यूचा धोका वाढतो म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्ये त्यावर ठळक इशारा छापायला लावला. कधीकधी लागतात, अण्णांनाही सहा आठवडे दिल्या होत्या, मी त्याच्या विरोधात नाही. पण कुणी लिहून दिल्या, किती दिवसांसाठी, कधी कमी करणार, आणि सुरू करायच्या आधी मला फोन येणार का, हे करारात लिहून घ्या. बांधून ठेवण्याबद्दलही लिहून घ्या.

तुमच्या दोन जागांबद्दल. पत्रात जे लिहिलंय त्यावरून कारंजंवाली जागा मुळात सिनियर लिव्हिंग आहे, म्हणजे हिंडतीफिरती, स्वतःचं स्वतः करणारी जोडपी, क्लबहाउस, योगा, सहली, आणि त्यातच एक मजला ‘मेमरी केअर’, म्हणजे डिमेन्शियाच्या माणसांसाठी, म्हणून काढलाय. या सगळ्या वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि जाहिरातीत एकत्र करतात. ज्यांचं डोकं शाबूत आहे पण आंघोळ, कपडे, औषधं याला हात लागतो त्यांच्यासाठी असिस्टेड लिव्हिंग. आईंना लागतं ते वेगळं, दार कोडने उघडणारं पण आत मोकळं फिरता येईल असं, गोल फिरून परत तिथेच येता येईल असं अंगण, दारांवर चित्रं किंवा रंग म्हणजे स्वतःची खोली ओळखता येते, आणि या आजाराची माणसं रोज हाताळणारा स्टाफ. त्या मजल्यावरून खाली बागेत रोज नेतात का, की लिफ्टने कोण नेणार म्हणून वरच राहतात, एवढं विचारा. साधे वृद्धाश्रम बरेचसे ‘स्वतःचं स्वतः करणारी’ अशीच अट घालतात, आणि विसरभोळेपणा वाढला की घेऊन जा म्हणतात, तेव्हा तो पर्याय मोजू नका. मला स्वतःला १८ जणांचा बंगला बरा वाटतोय, अंगण असेल तर जास्तच. पण पाच वाजता बघितल्याशिवाय नाही.

पैशाचं थोडक्यात. महिन्याची रक्कम कधीच शेवटची नसते, डायपर, डॉक्टरांची व्हिजिट, फिजिओ, औषधं, पुढे एकास एक मदतनीस लागली तर ती, सगळं वेगळं लागतं. मागच्या तीन महिन्यांची दुसऱ्या कुणाची तरी बिलं नाव झाकून दाखवा म्हणा. डिपॉझिट किती परत आणि किती दिवसांत, दरवर्षी वाढ किती, हॉस्पिटलमध्ये असताना निम्मे पैसे की पूर्ण. पडल्या किंवा रात्री दम लागला तर कुठल्या हॉस्पिटलला नेणार आणि तुम्ही पोचेपर्यंत शेजारी कोण बसणार, हेही लिहून. आईंची पेन्शन आहे, नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवून होतो, त्यासाठी त्यांना कोषागारात किंवा बँकेत नेऊ नका. तुम्ही बँकेतल्याच आहात, ७० च्या पुढच्यांना घरपोच सेवा द्यायची हे रिझर्व्ह बँकेने २०१७ लाच सांगितलंय, तर त्या जागेचा पत्ता खात्याला लावून घ्या. पॉवर ऑफ अॅटर्नीबद्दल मात्र सावध राहा, आपल्या करार कायद्यात देणाऱ्याचं मानसिक संतुलन गेलं की तो अधिकार संपतो, आणि न कळणाऱ्या माणसाचा अंगठा घेऊन केलेला कागद तर उभाच राहत नाही. घर-जमीन यातलं काही करावं लागणार असेल तर उच्च न्यायालयातून पालक नेमून घ्यावा लागतो, मुंबई उच्च न्यायालयाने असे आदेश दिलेले आहेत, वकिलांना भेटा. कुठे काय मिळतं, तक्रार कुठे करायची यासाठी ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, १४५६७.

भावाशी भांडू नका, काम द्या. त्यांना म्हणावं पंधरा दिवस ये, हॉटेल नको, आईच्या खोलीत गादी घालून झोप. आले तर त्यांना जे कळेल ते तुमच्या शंभर फोननी कळणार नाही, आणि आईंनाही मुलगा दिसेल. नाही जमलं तर ठरलेली रक्कम दर महिन्याच्या एक तारखेला थेट त्या जागेच्या खात्यात, आणि तिथल्या संध्याकाळच्या चहाला व्हिडिओ कॉल, म्हणजे त्यांच्याकडची सकाळ. लांब असलेल्या माणसाला अपराधी वाटतं आणि ते हुकूम होऊन बाहेर पडतं, माझ्या भावाचं अगदी असंच झालं होतं, तो दुबईला होता. काम दिल्यावर तो मऊ झाला.

आता आईंना काय सांगायचं. चार दिवस आधीपासून समजावत बसू नका, ते लक्षात राहणार नाही, फक्त काळजी तेवढी राहील. शक्य असेल तर आधी पंधरा दिवसांसाठी ठेवून बघा, चांगल्या जागा तसं घेतात. जायच्या दिवशी सकाळी एवढंच, ‘डॉक्टरांनी सांगितलंय थोडे दिवस इथे राहायचं, मी आहे.’ तुम्ही लिहिलंय की मी आईशी आयुष्यात खोटं बोलले नाही. ताई, त्या जेव्हा ‘माझी आई वाट बघत असेल’ म्हणतात तेव्हा तुमची आजी १९८४ मध्ये गेली हे सांगून तुम्ही त्यांना दर वेळी नव्याने आईच्या मरणाची बातमी देता. ते खरं बोलणं मला करवलं नसतं. ‘आई कशी होती तुझी, काय करायची?’ असं विचारा, त्या थालीपिठाचं सांगतील, अंगणाचं सांगतील, आणि त्यातलं प्रत्येक वाक्य खरं असेल.

बरोबर नवीन काही घेऊ नका. त्यांची गोधडी, त्यांचं स्टीलचं फुलपात्र, देवघरातला बाळकृष्ण, आणि पर्स, पहाटे घेऊन निघाल्या होत्या तीच, त्यात थोडे सुट्टे पैसे आणि घराची जुनी किल्ली ठेवा. गाऊन सोयीचा पडतो म्हणून पहिल्याच दिवशी गाऊन घालायला लावतील, ज्या बाई आयुष्यभर पाचवारी नेसून शाळेत गेल्या त्यांना पाहुण्यांसमोर गाऊनवर बसवणं म्हणजे काय ते त्या सांगू शकणार नाहीत, फक्त चिडतील. जोवर जमतंय तोवर साडी, नाहीच तर तयार शिवलेली साडी मिळते ती.

आणि एक कागद लिहा, एकच पान, मोठ्या अक्षरात, मावशींना वाचता येईल असा, त्यांच्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवा. त्यात आजारांची नावं नकोत, ती फाइलमध्ये आहेत. चहा किती गोड, कुठल्या कुशीवर झोपतात, अंधार नको की लाइट नको, कशाने घाबरतात, रडल्या तर काय बोललं की थांबतात. सगळ्यात वर लिहा की यांना ‘आजी’ म्हणू नका, ‘बाई’ म्हणा. तिथे सरसकट सगळ्यांना आजी-आजोबा म्हणतात, प्रेमानेच म्हणतात, पण तुम्हीच पत्रात सहज लिहून गेलात की आजी म्हटलं की आई वळूनच बघत नाही. कशी बघेल, गावातल्या दोन पिढ्यांनी त्यांना बाईच म्हटलंय. एक छोटा फळा आणि खडूची पेटी द्या. संध्याकाळी पाचला त्या दाराकडे निघाल्या तर कुणीतरी म्हणायला हवं, बाई, हजेरी राहिलीय. माझी खात्री आहे की त्या परत फिरतील, निदान काही संध्याकाळी तरी.

पहिले पंधरा दिवस नातेवाईकांनी येऊ नये असं काही जागा सांगतात, मला ते पटत नाही. जा, पण छोटं जा, वीस-पंचवीस मिनिटं, आणि निघताना दारात उभं राहून निरोप घेऊ नका, ताट आलं की ‘जेवून घे, मी आलेच’ म्हणून उठा. त्या रडतील काही दिवस. घरी जायचंय म्हणतील, तुमच्या घरात असतानाही म्हणतच होत्या ना, तुम्हीच लिहिलंय, तेव्हा त्यांना हवं ते घर चिंचवडला नाहीच. तुम्ही पण रडाल, गाडीत रडाल. पण बहुतेक महिन्याभरात एक दिवस असा येईल की तुम्ही जाल आणि तुम्हाला डायपर बदलायचा नसेल, औषध द्यायचं नसेल, रात्रीची भीती नसेल, नुसतं शेजारी बसून त्यांच्या केसांना तेल लावायचं असेल. मी अण्णांची नखं कापायचे. चार वर्षांत पहिल्यांदा मला त्यांचे हात नीट बघायला वेळ मिळाला होता, तिकिटाच्या पंचने अंगठ्याला पडलेला घट्टा तेव्हाही तसाच होता.

लघवीची तपासणी उद्याच करून घ्या, सकाळची पहिली, डबी लॅबमधून आज संध्याकाळीच आणून ठेवा. आणि बंगल्यात बुधवारी पाचला जाऊन आलात की काय बघितलं ते मला कळवा.